पाहून घेतलेत ना? : वापरलेली लेन्स आणि हमीचा इतिहास

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शेजारच्या तालुक्यातील एका घराण्याने आपल्या माडीवरची बाडे आणि पोथ्या पाहण्याची परवानगी आमच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला दिली. पोथ्या घराबाहेर न्यायच्या नाहीत आणि दिवाळीच्या सुट्टीतील तीनच दिवस काम करायचे, अशी बोली होती. पानापानाची छायाचित्रे घेणे एवढाच मार्ग उरला. विभागाकडे कॅमेरा होता. पण जवळून अक्षरे टिपणारी मॅक्रो लेन्स नव्हती आणि नवी घेण्याइतके पैसेही नव्हते. तेव्हा आम्ही दोघा प्राध्यापकांनी पदरमोड करून मुंबईतील एका दुकानातून वापरलेली लेन्स घेतली. दिसायला ती नवीकोरी होती. शिवाय सोबत मूळ खोके होते, खोक्यात वॉरंटीचे कार्ड होते आणि त्या कार्डाची मुदत संपायला अजून पाच महिने होते. कार्ड पाहून आम्ही निश्चिंत झालो. खरे सांगायचे तर लेन्सपेक्षा ते कार्डच आम्ही अधिक वेळ पाहिले.

तीन दिवसांत सहाशेवर पाने टिपून झाली. परत येऊन ती संगणकाच्या मोठ्या पडद्यावर पाहिली, तेव्हा प्रत्येक पानावर फिकट धुके पसरलेले दिसले. ठळक शाईची पाने वाचता येत होती. पण एका बाडातील शाई उडालेली चाळीसेक पाने अशी होती की, तेथे कागद आणि अक्षर यांतला फरकच नाहीसा झाला होता. ओळखीच्या कारागिराने लेन्समधून टॉर्चचा झोत सोडला आणि आतल्या दोन भिंगांच्या मध्ये पसरलेले बुरशीचे जाळे आम्हांला दाखवले. आम्ही कार्ड घेऊन सेवा केंद्रात गेलो. कार्ड दुसऱ्या देशात विकलेल्या मालाचे आहे, ते पहिल्या खरेदीदाराच्या नावाचे आहे, आणि बुरशी हा वॉरंटीत बसणारा दोष नव्हे, असे तीन नकार एका दमात मिळाले. मग दुकानात गेलो. दुकानदार शांतपणे एवढेच म्हणाला, "सर, पाहून घेतलेत ना?"

पुढल्या वर्षी ते घर विकले गेले आणि पोथ्या भावाभावांत वाटल्या गेल्या. ते बाड कोणाच्या वाट्याला गेले, याचा पत्ता आम्हांला आजतागायत लागलेला नाही.

दुकानदाराचे ते वाक्य तेव्हा आम्हांला उर्मटपणाचे वाटले होते. पुढे हमी या कल्पनेचा माग काढू लागलो, तेव्हा ध्यानात आले की हे वाक्य त्याचे नव्हतेच. ते फार जुने आहे आणि कायद्याच्या इतिहासात ते पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या भाषांत उच्चारले गेले आहे. प्रस्तुत लेख त्या वाक्याच्या निमित्ताने लिहिला आहे.

एका क्रियापदाची किंमत

इ. स. १६०३ मध्ये इंग्लंडात एका खटल्याचा निकाल लागला. चँडेलर नावाच्या सोनाराने लोपस नावाच्या गिऱ्हाइकाला एक खडा शंभर पौंडांना विकला. हा 'बेझोअर' आहे, असे त्याने सांगितले होते. बेझोअर म्हणजे बकऱ्यासारख्या प्राण्याच्या पोटात तयार होणारा, विषावर उतारा मानला गेलेला खडा. आपल्याकडील जुन्या वैद्यकात जहरमोहऱ्याचे जे स्थान, तेच युरोपात त्याचे होते. खडा खोटा निघाला. लोपस न्यायालयात गेला आणि आधी जिंकलाही. पण वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला. कारण काय? सोनाराने 'हा बेझोअर आहे' असे म्हटले होते. 'हा बेझोअर असल्याची मी हमी देतो' असे म्हटले नव्हते. नुसते विधान म्हणजे हमी नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या खटल्याकडे अवश्य पाहावे, असे आम्हांला वाटते. शंभर पौंडांचा व्यवहार येथे एका क्रियापदावर फिरला. विधान आणि वचन यांतील भेद आपण भाषाविचारात शिकवतो. काही वाक्ये वस्तुस्थिती सांगतात आणि काही वाक्ये उच्चारताच कृती घडवतात, असे आपण म्हणतो. सतराव्या शतकातील त्या न्यायाधीशांनी हाच भेद व्यापाराला लावला. हमी ही वस्तूच्या अंगी नसते. ती बोलणाऱ्याच्या तोंडी असते. ती उच्चारली गेली नाही, तर जणू नाहीच.

'वॉरंटी' आणि 'गॅरंटी' हे शब्दही मुळात जुळे आहेत. एकाच जर्मानिक मूळ शब्दाने उत्तर फ्रान्सच्या नॉर्मन बोलीत 'व'चा उच्चार राखला आणि मध्य फ्रान्सच्या बोलीत त्याचा 'ग' झाला. इंग्रजीने दोन्ही रूपे घेतली. वसतिगृहाचा वॉर्डन आणि शाळेच्या अर्जावरचा गार्डियन हेही असेच भाऊ आहेत. आपल्या दुकानांतून मात्र या जुळ्यांना वेगवेगळी कामे मिळाली. 'गॅरंटी म्हणजे बदलून, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून' ही व्याख्या कोणताही विक्रेता सांगेल. मौज अशी की, १९३० च्या भारतीय माल विक्री कायद्यातही याला समांतर असा एक भेद आहे. तेथे शब्द आहेत 'अट' आणि 'हमी'. अट मोडली तर खरेदीदार व्यवहारच मोडू शकतो; हमी मोडली तर माल ठेवून घ्यायचा आणि नुकसानभरपाई मागायची. दुकानदाराची व्याख्या कायद्याच्या पुस्तकातून आलेली नाही, परंतु व्यवहाराच्या अनुभवाने तीही त्याच वाटेवर आलेली आहे.

नारदाची परीक्षा आणि व्यापाऱ्याची जांगड

हमी ही इंग्रजांबरोबर आलेली कल्पना आहे, असा समज होण्याचा संभव आहे. तो खरा नाही. आपल्या धर्मशास्त्रातील विवादपदांमध्ये 'क्रीतानुशय' नावाचे एक पद आहे. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. घेतलेल्या वस्तूबद्दल मागाहून वाटणारी चुटपुट. नारदस्मृतीत या पदाचा विचार बारकाईने केलेला आहे. घेतलेली वस्तू नापसंत ठरली तर ती त्याच दिवशी, जशीच्या तशी परत करावी. दुसऱ्या दिवशी परत केल्यास किमतीचा तिसावा भाग सोडावा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर वस्तू खरेदीदाराचीच. पण याआधी कर्तव्य आहे ते परीक्षेचे. खरेदीदाराने वस्तू स्वतः पारखावी, इतरांनाही दाखवावी. पारखून पसंत केलेली वस्तू विक्रेत्याकडे परत जात नाही.

परीक्षेला किती अवधी द्यावा, हेही वस्तूच्या जातीप्रमाणे ठरलेले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीनुसार लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात आणि बियाण्याला दहा दिवस. या आकड्यांमागे शहाणपण आहे. लोखंडाचा दोष ठोकून लगेच कळतो. गाय किती दूध देते ते दोनतीन धारांनंतर कळते. बी रुजते की नाही हे कळायला दहा दिवस जावे लागतात. दोष प्रकट होण्यास जेवढा काळ लागतो, तेवढा काळ खरेदीदाराला मिळाला पाहिजे, हे त्यातील तत्त्व.

वापरलेल्या वस्तूबद्दलही नारद बोलतो. एकदा धुतलेल्या वस्त्राची किंमत आठव्या भागाने उतरते, दोनदा धुतलेल्याची चौथ्या, तीनदा धुतलेल्याची तिसऱ्या भागाने आणि चारदा धुतलेल्याची निम्म्याने. मात्र वापरून मळलेले वस्त्र सदोष असले तरी विक्रेत्याने परत घेण्याचे कारण नाही. त्याचबरोबर, निर्दोष माल दाखवून सदोष माल देणाऱ्या विक्रेत्याला दुप्पट किंमत आणि तेवढाच दंड सांगितला आहे. म्हणजे डोळे उघडे ठेवणे हे खरेदीदाराचे काम आणि डोळ्यांत धूळ न फेकणे हे विक्रेत्याचे.

मुंबईच्या पेठांतून याच तत्त्वाचा एक जिवंत शब्द टिकून आहे : 'जांगड'. पसंतीच्या बोलीवर नेलेला माल म्हणजे जांगड. हिरे-माणकांच्या आणि कापडाच्या व्यापारात माल जांगडीवर नेतात, पारखतात, पटला तर दाम देतात, न पटला तर माल परत करतात. विक्री अजून झालेली नसते आणि विश्वास मात्र सुरू झालेला असतो. आम्ही लेन्स घेताना चार दिवसांची जांगड मागितली असती, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. पण आमच्या हातात कार्ड होते, आणि कार्ड असणाऱ्याला जांगड सुचत नाही.

नाव, मोहोर आणि सोनेरी चिकटपट्टी

आता लेन्सकडे वळू. छायाचित्रणाचा धंदा ज्या वर्षी सुरू झाला, त्याच वर्षी हमीही सुरू झाली, ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. १८३९ मध्ये पॅरिसच्या आल्फोन्स झिरू याने दागेरच्या पद्धतीचे कॅमेरे विकायला काढले. त्यांतील लेन्स शव्हालिए या भिंगकाराची होती. प्रत्येक पेटीच्या अंगावर एक पट्टी बसवलेली असे आणि तिच्यावरील मजकुराचा आशय असा की, ज्या यंत्रावर दागेर यांची सही आणि झिरू यांची मोहोर नसेल, त्याची हमी नाही. विक्रीसाठी तयार झालेल्या त्या पहिल्यावहिल्या कॅमेऱ्यावरच हमीचा लेख होता, आणि तो नकारार्थी होता! हमी कशाची आहे हे त्यात सांगितलेले नाही. हमी केव्हा नाही, एवढेच सांगितले आहे. पुढील पावणेदोनशे वर्षांतील वॉरंटी कार्डांची शैली त्या पट्टीवरच घडली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. २०१० मध्ये असा एक कॅमेरा व्हिएन्नातील लिलावात सात लाखांहून अधिक युरोंना विकला गेला. दागेर नाही, झिरू नाही, त्यांची मोहोर मान्य करणारे दुकानही नाही; पण सहीचे मोल शिल्लक आहे. हमी मेली आणि तिची खूण रत्न झाली.

लगेच पुढच्या वर्षी, १८४० मध्ये, व्हिएन्नाचे गणितज्ञ योझेफ पेट्झवाल यांनी व्यक्तिचित्रांसाठी नवी लेन्स गणिताने सिद्ध केली. आधीच्या भिंगांपेक्षा ती कितीतरी अधिक प्रकाश आत घेत असे. फोइग्टलेंडर या कारखानदाराने एकरकमी मोबदला देऊन तिचे उत्पादन सुरू केले. मग दोघांचे बिनसले. लेन्सची रचना मात्र कोणाच्याच ताब्यात राहिली नाही. युरोपभरच्या भिंगकारांनी तिच्या नकला केल्या, त्यांतल्या कित्येकांवर नावही नव्हते. अशा बाजारात गिऱ्हाइकाने विसंबायचे कशावर? पितळी नळीवर कोरलेल्या नावावर आणि क्रमांकावर. एकोणिसाव्या शतकातील हमी ही अशी घराण्याच्या नावाची होती.

विसाव्या शतकाने त्या नावांचेही काय केले पाहा. येना या जर्मन गावातील झाइस कंपनीचे नाव म्हणजे भिंगांच्या जगातले खणखणीत नाणे. १९०२ ची तिची 'टेसार' लेन्स असंख्य कॅमेऱ्यांवर बसली. १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याने येना सोडताना कंपनीतील जाणती माणसे पश्चिमेकडे नेली. मागाहून सोव्हिएतांनी यंत्रसामग्री हलवली. एका नावाचे दोन कारखाने झाले : एक पूर्वेला येना येथे, दुसरा पश्चिमेला ओबरकोखेन येथे. दोघेही स्वतःला खरे झाइस म्हणवीत. नावाचा तंटा न्यायालयांत गेला आणि पूर्वेकडील लेन्स काही देशांत विकताना 'टेसार' ऐवजी नुसते 'टी' आणि 'झाइस' ऐवजी नुसते 'येना' लिहिण्याची पाळी आली. आज जुन्या बाजारात अशी लेन्स हाती आली, तर तिच्यावरील ते एक अक्षर म्हणजे शीतयुद्धाच्या इतिहासाचे पान आहे. तसेच सोव्हिएत कॅमेऱ्यांवर लायकाचे नाव कोरून विकलेले नगही बाजारात फिरतात. ज्या नावाने हमी द्यायची, तेच नाव कोरून घेता येते, हा त्यातील धडा.

जपानची कथा याहून निराळी आणि आम्हांला अधिक हृद्य वाटते. युद्धानंतर जपानी माल म्हणजे स्वस्त नक्कल, अशी जगाची समजूत होती. ताबेदारीच्या काळात निर्यातीच्या मालावर 'व्याप्त जपानमध्ये बनवलेले' असे लिहावे लागे. १९५० मध्ये 'लाइफ' नियतकालिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांनी टोकियोत निक्कोर लेन्स पाहिल्या, त्या आपल्या लायकावर लावून कोरियाच्या युद्धावर नेल्या, आणि त्या वर्षअखेर न्यू यॉर्कच्या वृत्तपत्रांत जपानी भिंगांचे नाव गाजू लागले. पण एका छायाचित्रकाराच्या ग्वाहीवर देशाचा व्यापार चालत नाही. १९५४ मध्ये जपानात कॅमेऱ्यांची तपासणी करणारी संस्था स्थापन झाली. निर्यातीच्या मालाची तेथे तपासणी होई आणि त्यावर 'पास' असे छापलेली लहानशी लंबगोल सोनेरी चिकटपट्टी लागे. कारखान्याच्या नावापलीकडे आता देशाच्या अब्रूची हमी उभी राहिली होती.

ती तपासणी पुढे बंद झाली. पण जुन्या बाजारात अशी चिकटपट्टी असलेल्या लेन्स आजही दिसतात. विक्रेते ती पट्टी आवर्जून दाखवतात. वास्तविक ती पट्टी फक्त एवढेच सांगते की, अमुक एका वर्षी, जहाजावर चढताना ही लेन्स ठीक होती. मधल्या पन्नास वर्षांत ती किती पावसाळे कोंदट कपाटात पडून होती, हे पट्टीला ठाऊक नसते.

कागदाचा पहिला धनी

शब्दाची हमी, नावाची हमी, देशाची हमी. आणि शेवटी कागदाची हमी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापील कार्ड ही हमीची रूढ मूर्ती झाली. तिच्या गरजेचे सुंदर विवेचन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांच्या १९७० च्या निबंधात आहे. त्यांनी वापरलेल्या मोटारींचे उदाहरण घेतले. विक्रेत्याला गाडीचा दोष ठाऊक असतो, गिऱ्हाइकाला नसतो; म्हणून गिऱ्हाइक प्रत्येक गाडीला संशयाने कमी किंमत देऊ करते; म्हणून चांगली गाडी असलेला माणूस ती विकायलाच आणत नाही; आणि बाजारात उरतात त्या खराब गाड्या. हे दुष्टचक्र तोडणाऱ्या उपायांत त्यांनी हमीची गणना केली. २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते अशा माहितीच्या विषमतेवरील कामासाठी.

परंतु कार्ड छापणाऱ्यांनी हमी कोणाच्या हाती दिली? अमेरिकेत १९७५ मध्ये मॅग्नसन-मॉस कायदा झाला. त्याने हमीपत्रांचे 'पूर्ण' आणि 'मर्यादित' असे दोन वर्ग पाडले. पूर्ण हमी म्हणायची असेल, तर मुदतीच्या काळात वस्तू ज्याच्या हाती असेल त्या प्रत्येक धन्याला ती लागू व्हावी, असा दंडक आहे. कारखानदारांनी काय केले? बहुतेकांनी आपल्या कार्डावर 'मर्यादित' हा शब्द छापला. मग ती हमी पहिल्या खरेदीदारापुरती, त्या देशापुरती, अधिकृत विक्रेत्यापुरती ठेवण्याची मोकळीक मिळाली.

येथे एक विसंगती नमूद करणे अगत्याचे आहे. याच काळात लेन्स अधिकाधिक मुक्त होत होती. निकॉनने १९५९ मध्ये जो 'एफ माउंट' काढला, त्या बैठकीच्या लेन्स कितीतरी दशकांनंतरच्या कॅमेऱ्यांवरही, काही पथ्ये पाळून, बसू शकतात. २००८ पासून आरसा नसलेले डिजिटल कॅमेरे आले आणि मधला जोड लावून कोणत्याही जमान्याची, कोणत्याही देशाची लेन्स त्यांवर बसवता येऊ लागली. आजोबांची लेन्स नातीच्या कॅमेऱ्यावर चालते. वस्तू अशी हस्तांतराला, सीमापार जाण्याला अधिकाधिक योग्य होत गेली. आणि तिच्याबरोबरचे वचन मात्र पहिल्या धन्याच्या दाराशी खिळून राहिले.

भारतात ही विसंगती अधिकच बोचरी होती. स्वातंत्र्यानंतरच्या परवाना पद्धतीत परदेशी कॅमेरा आणि लेन्स दुर्मीळ होत्या. बडोद्यात तयार होणारा आग्फाचा 'क्लिक थ्री' मध्यमवर्गाच्या घरी असे. परंतु ज्याला अदलाबदलीच्या लेन्स हव्या असत, त्याला आखातातून येणारा मेहुणा, बोटीवरचा खलाशी किंवा फोर्टातील जुन्या मालाची दुकाने यांवर विसंबावे लागे. १९९१ नंतर आयातीची दारे हळूहळू उघडेपर्यंत आपल्याकडच्या कित्येक छायाचित्रकारांनी वॉरंटी हा शब्द खोक्यावर वाचला तेवढाच.

आणि कायदा? १८७२ च्या करार कायद्यातील माल विक्रीची कलमे पुढे १९३० च्या स्वतंत्र कायद्यात गेली. त्याच्या सोळाव्या कलमाचा प्रारंभच असा की, मालाच्या दर्जाबद्दल सहसा कोणतीही गृहीत हमी नसते. मग अपवाद येतात आणि त्या अपवादालाही एक उपवाद आहे : खरेदीदाराने माल तपासला असेल, तर ज्या दोषाचा उलगडा अशा तपासणीत व्हायला हवा होता, त्याबद्दल त्याला तक्रार करता येत नाही. म्हणजेच, "सर, पाहून घेतलेत ना?" १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणि त्याची जागा घेऊन २०२० मध्ये अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला दाद मागण्याची सोपी जागा दिली, हे खरेच. आम्ही मात्र तेथे गेलो नाही. आम्हांला भरपाई नको होती. ती चाळीस पाने हवी होती.

काळवंडलेले भिंग

एवढे वाचून वापरलेली लेन्स घेऊच नये, असा निष्कर्ष कोणी काढील. इतिहासाची साक्ष तशी नाही. १८९० च्या दशकात यॉर्क येथील कुक कारखान्यातील हॅरल्ड डेनिस टेलर यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. वर्षानुवर्षे हवा लागून ज्यांच्यावर निळसर काळवंड आली होती, अशी काही जुनी भिंगे नव्या लख्ख भिंगांपेक्षा अधिक प्रकाश आत सोडत होती. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठावरून चारपाच टक्के प्रकाश परत फिरतो. काळवंडीचा तो पातळ थर हे परावर्तन कमी करीत होता. टेलर यांनी भिंगे रसायनांनी मुद्दाम काळवंडवण्याचा प्रयत्न केला, पण परिणाम भरवशाचा होईना. १९३५ मध्ये झाइसचे अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पेटीत काचेवर थर चढवण्याची पद्धत सिद्ध केली आणि आज प्रत्येक लेन्सवर जी जांभळट-हिरवट झाक दिसते, ती तेथून आली. म्हणजे आजच्या नव्या लेन्सचा हा मोठा गुण जुन्या, डागाळलेल्या भिंगाकडून शिकलेला आहे. एखाद्याने ती भिंगे डाग पाहून फेकून दिली असती आणि दुसऱ्याने हमीपत्र पाहून ठेवून घेतली असती. टेलर यांनी ती पारखली.

आपल्या मातीतील उदाहरण घ्यायचे तर कोल्हापूरचे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या चुलतभावांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखवण्याचे यंत्र घेतले. ते चालवता चालवता हलत्या चित्रांची विद्या आत्मसात केली. आनंदराव कॅमेरा जुळवण्याच्या खटपटीत असतानाच १९१६ मध्ये निवर्तले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून १९१८ मध्ये चालता कॅमेरा उभा केला. १९२० चा 'सैरंध्री' त्यानंतरचा. जुन्या बाजारातल्या त्या यंत्राबरोबर कोणते कार्ड आले नसणार. हमीची वस्तू सील मोडले की हमी गमावते. तिचा धनी तिला उघडायला भितो. ज्या वस्तूवर हमी नाही, ती उघडता येते, आणि उघडली की कळते.

पुष्पिका

आता आमच्या चुकीकडे येतो. आम्ही दोघेही वर्गात पाठचिकित्सा शिकवतो. पोथीच्या शेवटी पुष्पिका असते. तीत लेखकाचे नाव, शक, स्थळ असते. विद्यार्थ्यांना आम्ही दरवर्षी बजावतो की पुष्पिकेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. नकलकार कित्येकदा मूळ प्रतीची पुष्पिकाही जशीच्या तशी उतरवतो. मग शक जुना आणि कागद नवा, असा प्रकार होतो. पुष्पिका काय म्हणते ते ऐका. पण कागद, शाई, अक्षराचे वळण, शब्दांची रूपे काय म्हणतात ते आधी पाहा. आणि त्याच आम्ही, लेन्स घेताना, पुष्पिका वाचून पोथी विकत घेतली.

पोथ्यांच्या अखेरीस आणखी एक गोष्ट हमखास आढळते. नकलकार नम्रपणे सांगतो की, जसे पाहिले तसे लिहिले आहे. शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मला देऊ नये. लिलावाच्या जाहिरातीत 'जसे आहे, जेथे आहे' असे छापतात, त्याचा हा पूर्वज. हमी नाकारण्याची इतकी प्रांजळ रीत आम्ही दुसरी पाहिलेली नाही. तो लपवत काहीच नाही. वाचणाऱ्याला डोळे उघडे ठेवायला सांगतो.

त्यानंतर आम्ही विभागासाठी आणखी दोन लेन्स घेतल्या, दोन्ही वापरलेल्या. आता रीत ठरली आहे. झाकण काढून लेन्सच्या मागून टॉर्च धरायचा आणि तिरप्या नजरेने आत पाहायचे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी, सगळीकडे दुधी झाक दिसली तर धूसरपणा, कडेला इंद्रधनुषी कड दिसली तर भिंगे जोडणारा डिंक सुटलेला. धुळीचे चार कण दिसले तर दुर्लक्ष करायचे. छिद्राच्या पात्यांवर तेल आहे का आणि ती चटकन मिटतात का, हे पाहायचे. कडी फिरवून ती कोठे अडखळते का, हे बोटांनी ऐकायचे. वर्तमानपत्राचे पान भिंतीला लावून त्याचे चारही कोपरे टिपायचे. एकच कोपरा विरघळलेला दिसला तर लेन्स पूर्वी पडलेली आहे. नळीवरचा क्रमांक कार्डावरच्या क्रमांकाशी ताडायचा. कार्ड सर्वांत शेवटी वाचायचे, आणि त्यात कोणता देश आणि कोणाचे नाव आहे ते पाहायचे. याउपर चार दिवसांची जांगड मागायची. जो दुकानदार ती देतो, त्याच्या तोंडचा शब्द आम्ही कार्डाहून अधिक मानतो.

बुरशी लागलेली ती पहिली लेन्स कारागिराने उघडून साफ केली. थरावर तिने कोरलेल्या रेषा मात्र राहिल्या. त्या जाणार नाहीत. लेन्स आता विभागातच असते आणि पाठचिकित्सेच्या पहिल्या तासाला आम्ही ती वर्गात फिरवतो, सोबत कार्डही. विद्यार्थी आधी कार्ड वाचतात. मग आम्ही टॉर्च देतो.

त्या चाळीस पानांपैकी संगणकावर उजळवून अकरा पाने वाचता आली आहेत. उरलेल्यांवर काम चालू आहे.